कडूबाईची फुंकर

कडूबाईच्या आधी तिच्या आईची चार लेकरं गेली होती. कुणी महिन्याचं, कुणी सव्वा महिन्याचं. चौघांचंही सारखंच झालं. आधी नाक गळायचं, मग छाती घुरघुरायची, आणि मग एका सकाळी पाळणा हलवणाऱ्याच्या लक्षात यायचं, की आपण उगाच हलवतोय. पाचवी मुलगी झाली तेव्हा आजीनं तिचं नाव कडू ठेवलं. मरणानं तोंड लावलंच तर थुंकून टाकावं म्हणून. मरणाला ती चव खरंच मानवली नसावी, कारण कडूबाईला आता सत्तरावं लागलं होतं, आणि वरचे दोन दात सोडले तर बाकी सगळं जागेवर होतं.

ती चौघं वाऱ्यानं नेली, असं आई सांगायची. दाराच्या फटीतून येतं, आवाज न करता येतं आणि भरल्या घरातून नेमकं तेवढंच उचलून नेतं. त्यामुळं कडूबाईचं वाऱ्याशी जन्माचं वैर. परभणी जिल्ह्यातल्या झरीजवळच्या गावात गेली चाळीस वर्षं ती बाळ-बाळंतिणींना न्हाऊ घालत होती, आणि कुठल्याही घरात पाऊल टाकलं की ती आधी बाळ बघत नसे, खिडकी बघे. फटीत चिंध्या कोंबायला लावी, खिडकीवर गोधडी ठोकायला लावी, दाराला पोतं. बाळंतिणीच्या खोलीत धुरीचा धूर सरळ वर गेला पाहिजे, ही तिची परीक्षा. तो जरा हलला, की घरातल्या बायांची काही खैर नसे.

आणि तिची ती फुंकर. पाटावर पाय लांब करून बसायचं, नडगीवर बाळ घ्यायचं, तेल जिरवायचं, ऊन ऊन पाणी घालायचं, आणि सगळं झालं की बाळाला आपल्या तोंडाशी आणून आधी एका कानात, मग दुसऱ्या कानात, मग दोन्ही नाकपुड्यांत आणि शेवटी बेंबीवर फुंकायचं. कानातलं पाणी निघावं, नाक मोकळं व्हावं, एवढंच त्याचं काम. पण चाळीस वर्षांत गावानं त्याचं भलतंच काही करून ठेवलं होतं. कडूबाईची फुंकर लागलेलं लेकरू आजारी पडत नाही, असं म्हणत. पुण्याला नोकरीला गेलेली पोरं सुट्टीत आली की नव्या नवरीला दाखवत, आम्हाला या माईनं फुंकलंय. "काय न्हाई रं, कानातलं पाणी निघतंय," असं कडूबाई तोंडानं म्हणे. मनातून मात्र तिला ते पटलेलं होतं. आपल्या छातीत काहीतरी चांगलं आहे आणि ते आपण घरोघर वाटत फिरतो, असं तिला वाटे. माणसाला एवढं वाटायला काय हरकत आहे? हरकत निघाली, पण ती चाळीस वर्षांनी.

परभणीची थंडी बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. मे महिन्यात जिथल्या पत्र्यावर पापड भाजावेत, तिथंच पौषात ज्वारीच्या पानावरचं दव बोटाला चावतं. त्या पौषात धुकंही असं पडलं, की सकाळी नऊपर्यंत गाव जागच्या जागी विरघळलेलं असे. घरोघर खोकला होता. शेजारच्या कमलबाईची नातवंडं शहरातून आली ती नाकं वाहतच आली. त्यांच्या घरी कडूबाई दार लोटून, चुलीपाशी, लेकरांच्या घोळक्यात तासभर चहा पीत बसली होती. चौथ्या दिवशी, सोमवारी, तिच्या घशात खवखव सुरू झाली. "थंडीनं," ती म्हणाली, आणि सुंठ-गूळ तोंडात धरून कामाला गेली. एवढ्यातेवढ्याला घरी बसायला ती काही कुठल्या कचेरीतली साहेबीण नव्हती.

त्या आठवड्यात ती जीवनच्या घरी जात होती. जीवनची बायको प्रियांका पोरगी गुणाची, पण तिला माहेर उरलं नव्हतं. आई लहानपणीच गेलेली, म्हणून बाळंतपण सासरीच. मुलगा वीस दिवसांचा, गुटगुटीत. सोमवार ते गुरुवार कडूबाईनं त्याला न्हाऊ घातलं, फुंकलं. शुक्रवारी तो दूध ओढेना. शनिवारी सकाळी श्वास घेताना त्याच्या बरगड्या आत जाऊ लागल्या, तसं त्याला जीपमध्ये घालून परभणीला नेलं. तोवर घरोघर खबर पोचली होती, की बुधवारी दुपारी प्रियांकानं खिडकीवरची गोधडी काढली होती. धुरानं डोळे झोंबतात म्हणून. अर्धा तास. "हिनंच माजा नातू वाऱ्याला दिला," सासू म्हणाली. आणि कडूबाईनं, जीप सुटायच्या आधी, चार बायांच्या देखत त्या पोरीला सुनावलं, "मी बजावलं हुतं तुला. आता रडून काय उपेग?"

खरं तर प्रियांका रडत नव्हती. ती कडूबाईकडं नुसती बघत होती.

रविवारी कडूबाई कुसुमबाईच्या घरी निघाली तेव्हा धुकं अजून जमिनीवरच बसलेलं होतं. कुसुमबाईची लेक निकिता बाळंतपणाला माहेरी आली होती आणि दिवस भरायच्या आत मोकळी झाली. पोरगी पावणेदोन किलोची. तीन आठवडे दवाखान्याच्या काचेच्या पेटीत काढून तिला कालच घरी आणलं होतं. वजन दोन किलोच्या वर गेलं, आता अंघोळ घाला, असं डॉक्टरनं सांगितलं होतं. निकिताची याआधी दोन लेकरं पोटातच गेली होती, त्यामुळं सगळं घर त्या मूठभर जिवाभोवती श्वास रोखून उभं होतं.

वाटेत कडूबाईला स्वतःचा श्वास दिसला. थंडीत तो दरवर्षी दिसतो, त्यात नवल काय? पण त्या दिवशी कणकणीनं तिचं डोकं हलकं झालं होतं, पाय जमिनीला लागत होते की नाही कोण जाणे, आणि ती बघतच राहिली. पांढरा गोळा तोंडातून निघाला, तिच्यापुढं दोन पावलं चालला, पसरला आणि धुक्यात मिसळला. ती खोकली, तर तो लांब गेला. समोरून लिंबाजी दुधाचे कॅन लावलेली सायकल ढकलत आला. "राम राम माय," तो म्हणाला, आणि ते शब्द पांढरे होऊन तिच्याकडं आले. लिंबाजी निघून गेला तरी त्याचा राम राम थोडा वेळ रस्त्यावरच होता. कडूबाई त्यातून चालत गेली. म्हशींचा श्वास, कुत्र्याचा श्वास, शाळेच्या भिंतीला शेकोटी करून बसलेल्या चार म्हाताऱ्यांचा मिळून एकच मोठा श्वास. सगळं गाव स्वतःतून बाहेर पडून एकमेकांत मिसळायला लागलंय, असं तिला वाटलं. मग ऊन आलं, वाऱ्याची एक झुळूक आली आणि ते सगळं पुसलं गेलं.

कुसुमबाईनं खोली तिच्या मनासारखी ठेवली होती. खिडकीवर जाड गोधडी, तिला चारी बाजूंनी खिळे. दाराला पोतं. बाजेखाली निखारे, निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा, लसणाची सालपटं. खोलीत उन्हाळा होता. बाजेवर निकिता आणि तिच्या कुशीला कुंचीत गुंडाळलेलं ते लेकरू. कडूबाईनं वाकून बघितलं. तोंड सुपारीएवढं, पापण्या कांद्याच्या पापुद्र्यासारख्या पातळ. तिला भडभडून आलं. तोंडावर हात धरायच्या आतच तिला खोकला आला.

"मावशी, तुमी खोकायलाव," दारातून आवाज आला. ही बबिता, गावची आशा सेविका. तोंडाला मास्क, हातात वजनकाटा. वय तिशीचं आणि जीभ पन्नाशीची.

"थंडीचा हाय."

"थंडीचा न्हाई, माणसाचा हाय. कुणाकडून तरी आलाय अन् कुणाकडं तरी जाईल. हितं नगा बसू."

"मला शिकवतीस व्हय गं? तुज्या नवऱ्याला ह्या पायावर घेऊन न्हाऊ घातलंय मी!"

"त्येच्यावरून तर मला शंका येती," बबिता म्हणाली. निकिता हसली, पण कडूबाई हसली नाही, तशी बबिता जवळ येऊन नरमाईनं बोलू लागली. "आयका मावशी. बोलताना, खोकताना, फुंकताना तोंडातून वलं निघतंय. जाडे थेंब खाली पडतेत. बारीक आसतेत ते पडत न्हाईत, धुरावानी लटकून ऱ्हातेत, घंटा घंटा. खोली बंद आसली की साठतच जातेत. लेकराला ऊब पायजे, आईच्या छातीला लावून ठिवा. पण खोलीला हवा पायजे. दोन्ही येगळं हाय."

"हवेनं लेकरं जातेत, पोरी. माज्या आईची चार गेली."

बबितानं लेकराचं वजन केलं, वहीत लिहिलं, जाताना खिशातून एक नवा मास्क काढून कडूबाईच्या पाटाशेजारी ठेवला आणि "धुरी तरी बंद करा" म्हणून पुढच्या घरी गेली. कडूबाईनं मास्क पायानं बाजूला सारला.

पाणी तापायला वेळ होता. कुसुमबाई न्हाणीकडं चुलीत काट्या सारत होती. निकिताचा डोळा लागला. कडूबाई निखाऱ्यांपासून हातभर लांब, भिंतीला टेकून बसली. खोलीत एकच उजेड होता. कुसुमबाईनं फटी सगळ्या बुजवल्या असतील, पण पत्र्यावर कोण चढणार? पत्र्याला खिळ्याचं एक भोक होतं, आणि त्यातून कवडसा तिरपा होऊन बाजेच्या अंगावर उतरला होता. त्या कवडशात धूर दिसत होता. बाकी खोलीतही तो होताच, पण दिसत होता एवढाच.

धूर सरळ वर जात होता. कडूबाईला बरं वाटलं. उबेनं तिच्याही पापण्या जड झाल्या. तेवढ्यात तिला पुन्हा खोकला आला, एकच, कोरडा, आणि कवडशातली ती सरळ दोरी मधोमध तुटली. तुटलेला धूर गोळा झाला. मघाशी रस्त्यावर तिच्या तोंडातून निघालेला गोळा होता, तसाच. तो पुढं सरकला. घाई न करता, ओळखीच्या घरी निघालेल्या पाहुण्यासारखा. रस्त्यावरचा दोन पावलांवर विरला होता. हा विरेना. बाजेच्या काठाशी आला, गोधडीवर चढला, कुंचीच्या झालरीपाशी जरा थांबला आणि मग लेकराच्या तोंडावर पसरला. लेकरानं श्वास घेतला. त्या एवढ्याशा नाकपुडीत धुराची एक रेघ गेली आणि परत बाहेर आली. पुन्हा गेली.

कडूबाई जागी होती की झोपेत, हे तिला नंतर कधीच सांगता आलं नाही. खोली तीच राहिली आणि तिचीच राहिली नाही. भिंती मातीच्या झाल्या. बाजेवर तिची आई होती, तरणीताठी, केस सुटलेले. पाळण्यात एक लेकरू, मग दुसरं, मग तिसरं, मग चौथं, सगळी एकाच वेळी आणि एकाच पाळण्यात. निखाऱ्यापाशी कडूबाईची आजी बसली होती. ती पदरात खोकत होती आणि खोकता खोकता दाराच्या फटीत चिंध्या कोंबत होती. मग उठून पाळण्याशी आली, एकेकाच्या तोंडाशी तोंड नेलं, 'सोन्या माज्या' म्हणाली आणि फुंकर घातली. वारा बाहेर उभा होता. त्याला तर कुणी आत येऊच दिलं नव्हतं. दार बंद, खिडकी बंद, फटी बंद. मग आत कोण होतं? आत सगळी आपलीच माणसं होती. ज्यांचा लेकरांवर जीव होता तीच जवळ येत होती.

कडूबाईचे डोळे उघडले तेव्हा गाल ओले होते. ती बोटांवर दिवस मोजू लागली. सोमवारी खवखव. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार जीवनचं घर, चार दिवस, चार फुंकरा. दोन्ही कान, दोन्ही नाकपुड्या, बेंबी. शुक्रवारी लेकरू दूध ओढेना. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. कडूबाईनं तर चाळीस वर्षं वळसे घातले होते.

ती उठली. पाटाशेजारचा मास्क उचलला, उलटा का सुलटा कसातरी तोंडाला अडकवला, आणि दोन्ही हातांनी खिडकीवरची गोधडी धरून ओढली. खिळे टणाटण जमिनीवर पडले. उजेड आत आला आणि धूर, बायका निरोप घेताना दारात रेंगाळतात तसा, खिडकीत जरा दाटला आणि एकदम बाहेर पडला.

"अवो, अवो, काय करायलाव!" कुसुमबाई पाण्याचं पातेलं घेऊन दारात उभी होती. "वारं लागंल की लेकराला!"

कडूबाई तिच्या बाजूनं अंगणात गेली, खिडकीपासून चार हात लांब उभी राहिली आणि तिथून बोलली. "निकिता, ऊठ माय. पोरीला पोलक्यात घाल, छातीला लाव, वरून गोधडी घे. ते निखारे बाहेर काढा. खिडकी ऱ्हाऊ द्या. मी आत येणार न्हाई."

"मग अंगुळ? फुंकर कोण घालंल?"

"कुणीच न्हाई," कडूबाई म्हणाली. मग तिनं ते सांगून टाकलं, कारण मनात ठेवलं असतं तर तिथंच राहिलं असतं. "कुसुमबाई, जीवनच्या लेकराला वारं न्हाई लागलं. मी लागले."

कुसुमबाईनं पातेलं खाली ठेवलं. ती बाई समजूतदार होती, आणि समजूतदार माणसं अशा वेळी हमखास चुकीचा सल्ला देतात. "बोलल्या ते बोलल्या," ती हळूच म्हणाली. "गावात बोलू नगा. उद्या कुणी दारात उभं करणार न्हाई तुमाला. आठ दिसांत खोकला जाईल, कुणाला काय मालूम होणारंय?"

ते खरं होतं. वारा काही साक्ष द्यायला येत नाही. वाऱ्यावर आजवर किती लेकरं लिहिली असतील, आणखी एक लिहिलं म्हणून त्याचं काय जाणार होतं? पण वाऱ्याबरोबर आणखी एक जण अडकली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती, आणि फाशी सुनावणारी कडूबाई होती. प्रियांकाचं ते नुसतं बघणं तिला आठवलं. त्या पोरीला आई नव्हती, म्हणून कुणी 'अवो, असं कसं बोलता' म्हणालं नाही.

दुपारी ती परभणीच्या जीपमध्ये बसली. मागं, अगदी शेवटी, पाय बाहेर सोडून आणि तोंड रस्त्याकडं करून. मास्कवरून पदर. "माय, आत सरका, गारठून जाल," ड्रायव्हर म्हणाला. "मला हितंच बरं हाय," ती म्हणाली. सत्तर वर्षं जिच्यापासून तोंड लपवलं, ती हवा तिच्या कानांवरून, कपाळावरून वाहत होती. दोन्ही बाजूंना तूर पिवळी पडत होती. तिच्या तोंडून निघालेलं सगळं मागं रस्त्यावर पडतंय, फाटतंय, पातळ होत होत नाहीसं होतंय, असं तिला डोळे मिटून दिसत होतं. इतकं सोपं होतं ते. आईला कुणी सांगितलं असतं तर.

दवाखान्याच्या आत ती गेली नाही. आवारातल्या लिंबाखाली उभी राहिली आणि जीवनला निरोप धाडला. थोड्या वेळानं तो आला, मागं त्याची आई आणि सगळ्यांत मागं प्रियांका. दोन दिवसांत ती पोरगी अर्धी झाली होती. लेकराला ऑक्सिजन लावलाय, जीवन म्हणाला. छातीतल्या बारीक नळ्या सुजल्यात. उद्यापर्यंत कळेल म्हणतात.

"हितूनच बोलते, जवळ येऊ नका," कडूबाई म्हणाली. "पोरी, तुला चार बायांच्या देखत बोलले हुते, म्हणून सासूच्या देखत परत घेते. खिडकीनं काय न्हाई झालं. मला सोमवारपासून खोकला हुता. मी तसंच त्येच्या नाकात फुंकलं, चार दिवस."

सासूनं तोंडाला पदर लावला. "मग ती खिडकी..."

"आठवडाभरात त्येला धड हवा मिळाली आसंल तर तेवढा आर्धा घंटा. ही एकटी शहाणी निघाली समद्यांत."

"डॉक्टर म्हनत हुते, कुणाकडूनबी येतंय," जीवन चाचरत म्हणाला. भला माणूस. म्हातारीला वाट करून देत होता.

"कुणाकडूनबी येत आसंल बाबा. पन त्येच्या नाकाला तोंड मीच लावलं हुतं."

लिंबाची वाळकी पानं मधल्या जागेत पडत होती. प्रियांका त्या पानांकडं बघत होती. "मी रातभर त्येच इचार करत हुते," ती म्हणाली, "की मला धूर सहन का झाला न्हाई. दुसऱ्या बाया करतेत." आणि मग तिला रडू फुटलं, दोन दिवसांचं सगळं. सासू आधी नुसती उभी राहिली, मग पुढं झाली आणि तिनं सुनेचं डोकं खांद्याला लावलं. प्रियांका कडूबाईला काही बोलली नाही. डोळे पुसून वर निघून गेली. कडूबाईला क्षमा मिळाली असं कुणी म्हणू नये. ती मागायलाही आली नव्हती.

नंतर गावानं जे करायचं ते केलं. बातमी जीपच्या आधी गावात पोचली. दोन घरांनी तिला येऊ नका म्हणून कळवलं. काहीजण म्हणाले, म्हातारीला चळ लागला, फुंकरीनं कधी कुणी आजारी पडतं का? तिला हे दुसरं जास्त लागलं. ती फक्त एकाच घराचे दिवस मोजत होती. त्या बंद खोलीत ती रविवारी दोनदा खोकली होती, आणि कवडशातला तो धूर तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. रोज ऊन चढलं की ती कुसुमबाईच्या अंगणात जाई, मास्क लावून, खिडकीपासून चार हातांवर. आत निकिता पाटावर बसे, पाय लांब करी, आणि कडूबाई बाहेरून सांगत राही. मान धर. तळवा खाली घे. पाणी कोपरानं बघ. आता पुस, कानामागं पुस, लवकर गुंडाळ, छातीला घे. तिचे हात हवेतच त्या लेकराला न्हाऊ घालत. तिसरा दिवस गेला. चौथा, पाचवा. पाचव्या दिवशी पोरगी शिंकली आणि कडूबाई रात्रभर देवापुढं बसली. पण ती नुसती शिंकच होती. दहाव्या दिवशी बबिता वजनकाटा घेऊन आली, अडीच किलो म्हणाली, आणि कडूबाईनं कुसुमबाईच्या अंगणातल्या तुळशीला डोकं टेकवलं.

जीवनचा मुलगा त्याच्या आधीच घरी आला होता. आठ दिवसांनी, वाळून, पण स्वतःच्या श्वासानं.

संक्रांत उलटून गेली, थंडी सरली, कडूबाईचा खोकला जाऊन पंधरवडा झाला. एका सकाळी तिच्या दारात प्रियांका उभी राहिली, काखेत लेकरू घेऊन. तिनं लांबलचक काही सांगितलं नाही. "पाणी तापलंय," म्हणाली. "चला."

जीवनच्या घरची खिडकी सताड उघडी होती. उन्हाचा चौकोन न्हाणीपर्यंत आला होता. कडूबाईनं पाय लांब केले, लेकरू नडगीवर घेतलं, तेल जिरवलं, पाणी घातलं. हातांना सगळं आठवत होतं. लेकरू रडून रडून थांबलं, तिनं त्याला टॉवेलात गुंडाळलं आणि सवयीनं उचलून तोंडाशी आणलं. प्रियांका बघत होती. सासू चुलीपासून बघत होती. चाळीस वर्षांची फुंकर छातीत गोळा झाली होती. कडूबाईनं मान बाजूला वळवली आणि ती खिडकीच्या दिशेनं, बाहेर, उन्हात सोडून दिली.

तेवढ्यात तिच्या वळलेल्या गालाशी असलेल्या त्या लेकरानं भलं मोठं तोंड उघडून जांभई दिली. उबदार, दुधाचा वास असलेला श्वास तिच्या गालावर, कानावर, मानेवर पसरला. सत्तर वर्षांत कडूबाईला कुणी फुंकर घातली नव्हती. ती हलली नाही. प्रियांकानं लेकरू घ्यायला हात पुढं केले, तेव्हा म्हणाली, "थांब जरा, माय."